मंडळाची खोली अकरा महिने बंद असते, तिची किल्ली मागायचीय

बेळगावातल्या समस्त सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, खजिनदार आणि जे खरोखर राबतात ते कार्यकर्ते, सगळ्यांना नमस्कार.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी पंधरा दिवस आमच्या गल्लीतली पोरं वर्गणीला आली. माझं नाव लिहायच्या आधीच एकाने पावतीवर 501 टाकलं पण. मी म्हटलं, अरे कंपनीत ओव्हरटाइम बंद केलाय, 201 कर. तो म्हणाला, दादा असं काय करूलाय, तुम्ही कलाकार माणसं की. आणि जिना उतरता उतरता त्याच दमात, दादा तिसऱ्या दिवशी रात्री तुमच्या बँडचा प्रोग्रॅम ठेवूया की, पाऊण तास, पैशाचं काय जमणार नाही बघा पण स्टेज हाय, डॉल्बी हाय, पब्लिक हाय, नाव होईल तुमचं. म्हणजे एकाच जिन्यावर एकाच माणसाकडून वर्गणी पण मागितली आणि प्रोग्रॅम पण. मला राग आला नाही, हसूच आलं, कारण त्याच्या वयाचा असताना मी पण पावती पुस्तक घेऊन असाच फिरलोय. 201 दिले, राहिलेले 300 नंतर देतो म्हटलं, ते अजून दिलेले नाहीत. हे आधीच सांगून मोकळा होतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी ते काढायला नको.

मी दिवसा उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे, मायक्रोमीटर घेऊन जॉब मोजत बसतो. रात्री बेस गिटार वाजवतो. आम्ही चौघं आहोत, गाणी आमची स्वतःची, मेटल म्हणा, मध्ये मध्ये रॅप म्हणा, मराठीत, आणि मराठी पण ती पुस्तकातली नाही, आपली करूलोय-जाऊलोय वाली. ड्रमर बैलहोंगलचा, घरी कन्नड बोलतो, शिव्या मराठीत देतो पण गाणं सुरू करताना काउंट देतो तो ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू. गिटारवाला कोल्हापूरचा. याला अंडरग्राउंड म्हणतात, म्हणजे रेडिओवर नाही, पिक्चरात नाही, लग्नात कोणी लावत नाही, पण कुठल्यातरी खोलीत चाळीस माणसं येतात आणि त्यांना शब्द पाठ असतात. पहिल्यांदा हा शब्द ऐकल्यावर आईने विचारलं होतं, पोलीस शोधूलेत काय तुम्हाला?

बँडचं नाव टाकत नाही, नाहीतर जाहिरातीसाठी लिहिलं म्हणाल.

आमची प्रॅक्टिस पाच वर्षं वडगावात एका पॉवरलूमच्या शेडमध्ये होत होती. शेडवाल्या काकांचे आठ माग होते, सगळे चालायचे दिवस कधीच गेलेले, चार-पाच चालू असायचे, आणि मागच्या बाजूला पत्र्याचं पार्टिशन मारून एक खोली होती जिथे आधी सुताची पोती असायची. महिन्याला 1500 रुपये. ज्याने चालत्या मागाशेजारी उभं राहून कधी बोलायचा प्रयत्न केलाय त्याला कळेल की तिथे ड्रम काय, ट्रॅक्टर आणून उभा केला असता तरी शेजाऱ्याला पत्ता लागला नसता. धोटा या टोकाकडून त्या टोकाला जातो त्याचा खटॅक, परत येतो त्याचा खटॅक, अख्खी गल्ली तीस-चाळीस वर्षं तो आवाज ऐकत झोपलेली, लहान पोरांना तो बंद पडला की जाग यायची म्हणे. आम्ही एकदा मेट्रोनोम लावून मोजलं, एक माग मिनिटाला सव्वाशेच्या आसपास धोटे मारत होता, आणि ड्रमरने त्याच स्पीडला एक गाणं बसवलं. आमचं सगळ्यात चांगलं गाणं तेच आहे, माझ्या मते. आमच्या गायकाचं मत वेगळं आहे पण त्याला स्वतः लिहिलेलं सोडून काही आवडत नाही.

मग लॉकडाऊन झाला, तो उठला, सुताचे भाव चढले, साडीला गिऱ्हाईक नाही, काकांनी एकेक माग थांबवला. दोन तर वजनावर गेले. लोखंड म्हणून. मी तिथे होतो त्या दिवशी, भंगारवाल्याच्या पोराने गॅस कटर लावला, आणि काका बाहेर कट्ट्यावर पाठ करून बसले होते, चहा आणला तो तसाच गार झाला. शेवटचा माग थांबल्यावर शेडमध्ये इतकं शांत झालं की आम्हाला बरं वाटलं, च्यायला आता रेकॉर्डिंग पण करता येईल इथं. आठ दिवसात तक्रार गेली. माग होते तोवर आमचा आवाज कोणाच्या कानावर पण नव्हता, माग गेले आणि आमचाच तेवढा उरला. पोलीस आला तो सज्जन होता, दारात उभा राहून म्हणाला, सौंड कम्मी माड्री सर, म्हणजे आवाज कमी करा. काकांनी दुसऱ्या दिवशी हात जोडले. भाडं थकलेलं नव्हतं हो, पण हात त्यांनी जोडले, याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून आम्ही फिरतोय. थोडे दिवस मच्छ्याला एका मित्राच्या गॅरेजमध्ये, थोडे दिवस तिसऱ्या रेल्वे गेटजवळ एका टेरेसवर, तिथे ड्रमर उशांवर वाजवायचा आणि बाकीचे वायर न लावता. उशीवर दोन्ही पायांनी डबल बेस ड्रम वाजवणारा माणूस तुम्ही बघितला नसेल, बघण्यासारखा असतो.

पैशाचं सांगतो, कारण पैशाचं आमच्यात कोणी उघड बोलत नाही, आणि त्यामुळे तुम्हाला वाटतं हौस आहे पोरांची. बेसच्या चार तारांचा चांगला सेट दोन हजाराच्या पुढे गेलाय, सगळा बाहेरचा माल, रुपया घसरला की तार महाग. म्हणून मी जुन्या तारा उकळतो. गंमत नाही, खरंच उकळतो. तारेच्या वेढ्यात बोटांचा घाम आणि मळ बसतो, माझ्या बाबतीत कटिंग ऑइल पण, त्याने आवाज मेल्यासारखा येतो, तार टण वाजायच्या ऐवजी धप वाजते. पातेल्यात पाणी उकळायचं, तारा गोल करून आत टाकायच्या, दहा मिनिटात पाण्यावर करडी साय येते, काढायच्या, फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवायच्या. दोन-तीन आठवडे परत टण. असं एका सेटला तीनदा करता येतं, चौथ्यांदा तुटते. आईने पहिल्यांदा झाकण उचललं तेव्हा तिला वाटलं मी काय खायचं करूलोय, आणि मग ते पातेलं तिने मला कायमचं दिलं, आमटीला दुसरं आणलं. त्या पातेल्यावर आता स्टिकर आहे.

ऑनलाइन टाका की गाणी, असं प्रत्येक जण सांगतो. टाकलीत. स्पॉटिफायचा 2024 पासूनचा नियम असा की वर्षात एका गाण्याला 1,000 वेळा कोणी ऐकलं नाही तर त्या गाण्याचा पैसाच मोजायचा नाही. आमच्या मागाच्या स्पीडवाल्या गाण्याला एका वर्षात 640 झाले. म्हणजे शून्य. आणि गाणी तिथे ठेवायला डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे गाणी तिथे चढवणाऱ्या कंपनीला, दरवर्षी पैसे आम्हीच भरायचे. यूट्यूबला जाहिरातीचे पैसे हवे तर 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4,000 तास बघितलेलं पाहिजे, किंवा रील फाटली पाहिजे, म्हणजे व्हायरल झाली पाहिजे. ऐकण्याचा आकडा 640 च असला तरी ऐकणाऱ्यांतली निम्मी माणसं मला तोंडाने ओळखतात, तेवढं एक बरं.

म्हणून प्रत्येक जण दुसरं काहीतरी करतो. मी लग्नसराईत ऑर्केस्ट्राला जातो, हळदीला, रात्रीचे बाराशे-पंधराशे आणि जेवण. यात्रा असेल तर थोडे जास्त, खानापूर साइडला लक्ष्मी यात्रा भरली की तीन-चार दिवस झोप नाही पण महिना निघतो. गायक मोबाइलच्या दुकानात असतो. सीझनला आम्ही चोर्ला घाटातून गोव्याला पण गेलोय, चौघांत आठ हजार, त्यात गाडीचं डिझेल, आणि मालकाने आधीच सांगितलेलं की तुमचं ते मराठी आरडाओरड नको, इंग्लिश जुनी गाणी वाजवा. वाजवली. येताना घाटात धुकं होतं, कोणी बोललं नाही, नंतर ड्रमर म्हणाला, सालं आपण गोव्यात जाऊन फॅक्टरीच चालवली की.

आणि वर हे आपलं बॉर्डरचं. कोल्हापूर इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर, गिटारवाला दर दुसऱ्या रविवारी एसटीने येतो. 2021 ला महाराष्ट्रातून यायला कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा रिपोर्ट दाखवावा लागायचा, तिकिटापेक्षा रिपोर्ट महाग, गडी एकदा गिटार पाठीला लावून तिथून परत गेला. 2022 च्या डिसेंबरात बस बंद. 2025 च्या फेब्रुवारीत परत बस बंद. कोण बरोबर कोण चूक त्यात मी पडत नाही, आमच्या बँडमध्ये दोन्ही बाजू एका गाडीत बसतात आणि डिझेल वाटून घेतात. पण प्रत्येक वेळी पहिला कॅन्सल होतो तो कार्यक्रम, आणि कॅन्सल झालेल्या कार्यक्रमाची सुपारी कोणी देत नाही. पुण्यात एका ठिकाणी विचारलं तर म्हणाले तुम्ही कर्नाटकातले, इथे विचारलं तर म्हणाले गाणी मराठी आहेत, ड्रमर म्हणाला मी तर कन्नड आहे, तर त्याला विचारलं, मग यांच्यात काय करतोस.

आता मुद्द्यावर येतो. तुम्हालाच का लिहितोय? सरकारला का नाही? कारण सरकारकडे अर्ज केला की शिक्के लागतात. तुमच्याकडे खोली आहे.

गल्लोगल्ली प्रत्येक मंडळाची एक तरी खोली, शेड, देवळाच्या मागचं पत्र्याचं काहीतरी असतं. त्यात मागच्या वर्षीच्या देखाव्याचे सांगाडे, थर्माकोल, माळांची गुंतवळ, एक मोडका पंखा. आणि कुलूप. गणपतीचा महिना सोडला, शिवजयंतीच्या चित्ररथाचे आठ-पंधरा दिवस सोडले, तर ते कुलूप कोणी उघडत नाही. शिवाय तुमच्या खोलीबद्दल शेजारी तक्रार करत नाही. केली तर कोणाविरुद्ध करणार? आम्हाला आठवड्यात दोन संध्याकाळी, सात ते साडेनऊ, ती खोली द्या. फुकट नको. काकांना देत होतो तेच 1500 देतो, लाइटबिल वेगळं. थर्माकोल आम्ही नीट रचून ठेवू, ड्रमर त्या बाबतीत घरच्या बाईपेक्षा शिस्तीचा आहे. रात्री 10 नंतर तर 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमाने तसाही लाउडस्पीकर चालत नाही, सरकारने सणाला बारापर्यंत सूट दिली तर तेवढीच. आम्ही साडेनऊला बंद म्हणजे साडेनऊला बंद.

आणि दुसरं, त्या अकरा दिवसांतली एक संध्याकाळ. पण पैसे देऊन. मागे तुम्ही लोकांनी बोलावलं नाही असं नाही, बोलावलं, आणि शेवटी शाल-श्रीफळ दिलं. माझ्याकडे आता सात शाली आहेत, दोन गिटारच्या पेटीत खाली अंथरल्यात, त्याचा उपयोग आहे, नाकारत नाही. नारळाची चटणी झाली. पण पेट्रोल पंपावर शाल चालत नाही. तुमच्या डॉल्बीचं एका मिरवणुकीचं भाडं मला माहीत आहे, कारण मी त्याच डॉल्बीवाल्याच्या पोराबरोबर ऑर्केस्ट्रात असतो. त्यातला दहावा हिस्सा आम्हाला दिला तर आमचं अर्धं वर्ष निघेल. डॉल्बी बंद करा असं म्हणत नाही, त्याचं पण पोट आहे, हप्ते आहेत. हिस्सा म्हणतोय.

कोणी म्हणेल गणपतीसमोर मेटल? टिळक 1905 साली झेंडा चौकात गणपती बसवून गेले, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. त्या काळात गणपतीसमोर काय चालायचं ते पण सांगूया की. मेळे असायचे. गल्लीतली पोरं स्वतः पदं रचायची, चाली लावायची, त्या वर्षीच्या गोष्टींवर, सरकारवर, महागाईवर, आणि पोलीस वही घेऊन मागे उभे असायचे लिहून घ्यायला. नवं, गल्लीत लिहिलेलं, वरच्याला न आवडणारं गाणं. मला तरी आमच्या धंद्याची याहून चांगली व्याख्या सापडलेली नाही. तयार गाणी पेनड्राइव्हमधून लावायची पद्धत अलीकडची, परंपरा म्हणाल तर आमची जुनी आहे.

आणि कलाकाराला कोणीतरी पोसावं लागतं हे काय आपल्याला नवीन नाही. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, 1924 चा जन्म, कानडी घरातले, त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे शहरात. क्षयाने गाणं बंद होऊन देवासला पाच-सहा वर्षं अंथरुणावर काढली त्यांनी, तेव्हा त्यांच्या पत्नी भानुमतीबाई तिथे शाळेत शिकवत होत्या. त्या पगाराचं नाव कुठल्या रंगमंदिराला दिलेलं मी बघितलं नाही. स्वतःची त्यांच्याशी तुलना करत नाही, बेसवाल्याने करू पण नये. माझ्या घरात तो पगार बायकोचा आहे, ती खाजगी हॉस्पिटलला लॅबमध्ये असते, आणि ज्या महिन्यात ऑर्डर कमी म्हणून आम्हाला चार दिवस घरी बसवलं त्या महिन्यात भाडं तिने भरलं आणि माझा डिस्ट्रिब्युटरचा हप्ता पण तिनेच भरला, मला न सांगता. मेल आला तेव्हा कळलं.

आमची चूक पण सांगतो, नाहीतर दुसरं कोणी सांगेल. तालुक्यातल्या एका गावात आम्ही मंडळासाठी वाजवलं होतं. देखावा हलता होता, राक्षस हात वर करायचा, देवी त्रिशूळ पुढे करायची. आम्ही ॲम्पचा प्लग देखाव्याच्याच बोर्डात लावला. दुसऱ्या गाण्याला जिथे सगळे एकदम येतात तिथे एमसीबी उडाला, अंधार, परत लाइट आली तर राक्षसाचा हात वर तो वरच, मोटर जळालेली. विसर्जनापर्यंत तो तसाच हात वर करून उभा होता. पोरं म्हणायची, सर मला उत्तर येतंय म्हणूलाय तो. मोटरचे पैसे आम्ही भरले, तीन हप्त्यात. आरतीला अर्धा तास उशीर झाला आणि एका आजीने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. पण त्याच आजी नंतर प्रसाद देताना म्हणाल्या, ते मागाचं गाणं म्हटलास ते कोणाचं रे? आमचे हे विणकर होते.

म्हणून, प्रोग्रॅमला आम्हाला वेगळ्या लाइनचा एक पंधरा अँपिअरचा पॉइंट लागेल, देखाव्याच्या बोर्डातला नको. मिक्सरवर सहा चॅनेल. आरतीनंतर पाऊण तास, त्याच्यावर एक गाणं पण नाही. शिव्या असलेली दोन गाणी आम्ही सोडतो. कन्नड कडवं सोडणार नाही. पैसे स्टेजवरून उतरल्यावर त्याच रात्री, खजिनदारांच्या हातून, सोमवारी बघूया नको. किती ते बसून ठरवू, मी घासाघीस करणार नाही कारण मला ती येतच नाही, गायक करेल.

एका मंडळाने हो म्हटलं तरी पुष्कळ आहे. आमच्यासारखे अजून दोन-तीन ग्रुप शहरात आहेत, एक शहापूरची रॅपवाली पोरं आहेत, अजून मिसरूड फुटली नाही पण काय लिहितात, त्यांना पण प्रॅक्टिसला जागा नाही, ती पोरं काँग्रेस रोडला कठड्यावर बसून मोबाइलवर बीट लावून करतात. आम्ही सोमवार-गुरुवार घेतला तर मंगळवार-शुक्रवार त्यांना द्या. त्यांच्याकडून भाडं घेऊ नका, आमच्या 1500 मध्ये धरा.

यंदाची पावती पुस्तकं छापून आली असतील. माझी सेकंड शिफ्ट चालू आहे, दुपारी एकपर्यंत घरी असतो. मागचे 300 आणि यंदाचे 501 काढून टीव्हीवर ठेवलेत. येताना खोलीची किल्ली घेऊन या.